नेशन्स कप खेळावा लागणं ही नामुष्की आहे का?

प्रश्न:
माझी लेक अकरा वर्षांची, फलटणला हॉकी खेळते. जून २०२५ मध्ये आपला महिला संघ प्रो लीगमध्ये, म्हणजे जगातल्या अव्वल संघांच्या लीगमध्ये, शेवटचा आला, म्हणून खालच्या पायरीवरचा नेशन्स कप खेळणं नशिबी आलं. तेव्हापासून पोरीनं स्टिकला हात लावलेला नाही. काय सांगू तिला?

उत्तर १:
ताई, तिला डिसेंबर २०२२ची वॅलेन्सियाची फायनल दाखवा. पहिलाच नेशन्स कप, आठ संघ. उपांत्य फेरीत आयर्लंडला शूटआऊटमध्ये हरवलं. फायनलला समोर स्पेन, तेही त्यांच्याच घरी. सहाव्या मिनिटाला गुरजीत कौरचा पेनल्टी कॉर्नर, गोल! मग उरलेली चोपन्न मिनिटं गोलरक्षक सविता आणि बचावफळीनं ती १-० आघाडी जपली. शेवटचा क्वार्टर मी उभ्यानं पाहिला, बसवेचना. नामुष्की कसली?

उत्तर २:
शिवाय जिंकणाऱ्याला प्रो लीगचं दार उघडतं. आपण तसेच वर गेलो होतो. २०२४ला स्पेनमधल्या तेरासा शहरात हा कप जिंकून स्पेनही गेला.

प्रश्नकर्ती:
मॅच दाखवली. गुरजीतचा गोल तिनं चारदा मागे नेऊन पाहिला. भारताकडून खेळलेली वैष्णवी फाळके आपल्या साताऱ्याचीच, हेही सांगितलं. आत्ता अंगणात भिंतीवर चेंडू आपटतोय.