गाळप हंगाम सांभाळून व्हर्च्युअलायझेशन नव्याने कसे शिकावे?

प्रश्न – काटा_पावती (परभणी)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि एक सहायक. वजनकाटा, ऊसबिले, भांडार आणि हजेरी या चारही प्रणाली एकाच सर्व्हरवर, ईएसएक्सआयच्या (व्हीएमवेअर कंपनीचे, एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) सातव्या आवृत्तीवरील व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे अशा आभासी संगणकांत, चालतात. पुरवठादाराचा अभियंता येई तेव्हा शेजारी बसून जेवढे शिकता आले तेवढे शिकलो आणि त्यावर काम निभावले. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर कायमस्वरूपी लायसन्स बंद होऊन सबस्क्रिप्शन आले, आणि २ ऑक्टोबर २०२५ रोजी सातव्या आवृत्तीचा सर्वसाधारण सपोर्टही संपला. वार्षिक खर्चाचा आकडा पाहून व्यवस्थापनाने पर्याय विचारला आहे.

एकदा मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झाले, की हंगाम संपेपर्यंत सर्व्हरला हात लावता येत नाही, कारण काटा थांबला तर ट्रॅक्टरची रांग थेट रस्त्यावर जाते. म्हणजे शिकायचे ते घरी, रात्री आणि स्वतःच्या खर्चाने. अशा परिस्थितीत याच कामाचे प्रॉक्समॉक्स शिकावे, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही शिकावे की सरळ क्लाउडकडे वळावे? प्रमाणपत्र परीक्षेवर पैसे घालणे योग्य ठरेल का?

उत्तर १ – वाळूजचा_सिस्टिमवाला

दादा, क्लाउडचा विचार तूर्त बाजूला ठेवा. इंटरनेटची लाइन तुटली म्हणून उसाचे वजन थांबले, हे कोणताही कारखाना खपवून घेणार नाही.

सोळा जीबी रॅमचा एखादा जुना डेस्कटॉप आणि एक एसएसडी शिकण्यासाठी पुरेशी आहे. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा बायोसमध्ये अनेकदा बंद ठेवलेली असते, ती आधी सुरू करा. त्यावर प्रॉक्समॉक्स बसवा. ते मुक्त स्रोत आहे, पैसे द्यायचे ते फक्त कंपनीचा सपोर्ट हवा असेल तर. नुसते नवे मशीन तयार करून त्यात विंडोज टाकणे कोणालाही जमते, त्यातून फारसे काही हाती लागत नाही. ऊसबिलांच्या मशीनचा बॅकअप घरच्या डेस्कटॉपवर उभा करा आणि त्यातून एका शेतकऱ्याचे बिल छापून दाखवा, मग खरे शिक्षण सुरू होईल. कारखान्याची माहिती घरी नेण्याआधी वरिष्ठांची लेखी परवानगी मात्र अवश्य घ्या.

हे करताना विंडोज निळा पडदा दाखवून सुरूच होण्यास नकार देईल, कारण नव्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर त्याच्याकडे नसतो. म्हणून मशीन हलवण्यापूर्वी व्हीएमवेअर टूल्स (मशीनच्या आत बसवलेले व्हीएमवेअरचे सहायक सॉफ्टवेअर) काढून टाका. सुरुवातीला डिस्क साटा या विंडोजला ओळखीच्या पद्धतीने जोडा, विंडोज सुरू झाल्यावर व्हर्टआयओचे (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या आभासी उपकरणांचे) ड्रायव्हर बसवा, मग एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्काझी पद्धतीने जोडून ती विंडोजला दिसते याची खात्री करा आणि त्यानंतरच मूळ डिस्क तिकडे वळवा. नेटवर्क कार्डही विंडोजला नवे वाटते, त्यामुळे स्थिर आयपी पुन्हा घालावा लागतो. एप्रिल २०२४ मधील ८.२ आवृत्तीपासून ईएसएक्सआयवरून मशीन आयात करण्याची सोय प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावरच मिळते, पण ड्रायव्हरचा हा भाग आपल्यालाच सांभाळावा लागतो.

आपल्याकडच्या अनेक लेखा प्रणाली यूएसबी डोंगलवर (लायसन्सची चावी असलेल्या छोट्या उपकरणावर) चालतात. डोंगल ज्या सर्व्हरला लावलेले असते त्याच सर्व्हरला ते मशीन बांधले जाते, ही गोष्ट निविदेपूर्वी तपासा. नंतर लक्षात आली तर पुरवठादार अडवून धरतो.

उत्तर २ – गोदातीर (नांदेड)

मी तंत्रनिकेतनात शिकवते, त्यामुळे थोडे मुळाकडे वळते. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनचा आधार दिला, त्यावर उभे राहिलेले केव्हीएम हे व्हर्च्युअलायझेशनचे सॉफ्टवेअर २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आले, आणि प्रॉक्समॉक्स हे त्याच केव्हीएमवर चढवलेले व्यवस्थापन आहे. त्यामुळे पडद्यावरची बटणे पाठ करण्याऐवजी लिनक्सची कमांड लाइन, ब्रिज व व्हीलॅन (नेटवर्क जोडण्याच्या व विभागण्याच्या पद्धती) आणि डिस्क इमेजचे प्रकार एवढे पक्के केलेत, तर उद्या वेगळे उत्पादन समोर आले तरी फक्त मेनू शोधावे लागतील.

प्रमाणपत्राबाबत माझे मत थोडे कडक आहे. मायक्रोसॉफ्टची एमसीएसई मालिका ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद झाली आणि तिच्या नावावर शिकवण्या चालवणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. परीक्षा द्यायचीच असेल, तर जिथे चालू मशीनवर काम करून दाखवावे लागते अशी, उदाहरणार्थ रेड हॅटची लिनक्सवरील आरएचसीएसए, द्यावी.

स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे, हेही सहायकाला आवर्जून सांगा. स्नॅपशॉट मूळ डिस्कवरच अवलंबून असतो, आणि विसरून राहिला तर त्याची फरकाची फाइल वाढत जाऊन डेटास्टोअर (मशीनच्या डिस्क साठवण्याची जागा) भरते व सगळीच मशीन अडकतात.

उत्तर ३ – लातूरहून_पुण्यात

वरील दोन्ही उत्तरांशी बहुतांशी सहमत आहे, पण व्हीएमवेअर विसरून जा असा अर्थ कोणी घेऊ नये. पुण्यातील मोठ्या कंपन्यांत ते आजही भरपूर आहे आणि नोकरी बदलायची असेल तर ते यावेच लागते. मोफत ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाले होते, ते एप्रिल २०२५ मध्ये परत आले. व्हीसेंटरला (अनेक सर्व्हर एकत्र सांभाळणाऱ्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरला) जोडता येत नसले तरी सरावाला चालते.

काटा_पावती, आपल्याकडे विंडोज सर्व्हर स्टँडर्डचे लायसन्स आहे का, ते पाहा. सर्व्हरचे सगळे कोअर त्यात धरलेले असतील तर हायपर-व्हीवर विंडोज सर्व्हरची दोन व्हर्च्युअल मशीन चालवण्याचा हक्क त्यातच मिळतो. अशा वेळी व्यवस्थापनाला पटवण्यासाठी हाच सर्वांत सोपा मार्ग ठरू शकतो.

काटा_पावती

सर्वांचे आभार. लायसन्स स्टँडर्ड आहे, पण आमची मशीन चार आहेत, त्यामुळे ते दुप्पट घ्यावे लागेल असे दिसते. तो हिशेब प्रत्येक पर्यायासाठी मांडतो. भांडारात दोन जुने सर्व्हर पडून आहेत. ते दोन्ही जोडून प्रॉक्समॉक्सचा क्लस्टर केला, तर एक बंद पडल्यावर दुसरा आपोआप काम उचलेल का?

वाळूजचा_सिस्टिमवाला

फक्त दोनच असतील तर नाही. क्लस्टरमध्ये प्रत्येक सर्व्हरला एक मत असते; एक बंद पडला की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही आणि तो मशीन सुरू करण्यास नकार देतो. तिसरे मत देण्यासाठी डेबियन चालणारा एखादा साधा संगणक क्यूडिव्हाइस म्हणून जोडावा लागतो, आणि तो त्याच यूपीएसवर ठेवू नये.

सामाईक स्टोरेज नसल्यामुळे आपल्याला झेडएफएस या फाइल प्रणालीचे रेप्लिकेशन, म्हणजे ठरावीक वेळाने दुसऱ्या सर्व्हरवर प्रत पाठवणे, वापरावे लागेल. ते मूळ मांडणीत दर १५ मिनिटांनी होते, म्हणजे मधल्या वेळेतील वजनाच्या नोंदी गमावण्याची शक्यता राहते. हा कालावधी एका मिनिटापर्यंत खाली आणता येतो. तेवढ्या नोंदी छापील पावत्यांच्या स्थळप्रतीवरून पुन्हा भरायची तयारी काट्यावरील कारकुनाची आहे का, हे ऑफ सीझनमध्येच विचारून ठेवा.