'क्रिटिकल'ला मराठीत काय म्हणावं?

संत्राबर्फी: पूर्व नागपुरात वस्तीबैठका घेते. नकाशा पसरायचा, रस्ता-नाली-मैदान लोकांकडून दाखवून घ्यायचं, ते नगररचनेच्या टेबलापर्यंत पोचवायचं. हे करताना आपल्याच कामाकडे क्रिटिकली पाहणं, याला शब्द हवाय. 'टीका' नको. टीका करणारा बाहेर उभा असतो, मी त्याच कामाचा पगार घेते. आणि 'क्रिटिकल' म्हटलं की इथे विचारतात, पेशंट कोणत्या दवाखान्यात आहे?

तर्रीपोहा: चिकित्सक.

संत्राबर्फी: बैठकीत म्हणून पाहिलं. अर्धी वस्ती हिंदी बोलते. एका काकूंनी गुडघा पुढे केला.

तर्रीपोहा: हाव बाप्पा! पण काकूंचं चुकलं नाही. चिकित्सा म्हणजे उपचार हा अर्थ संस्कृतातलाच. मराठीत चिकित्सक म्हटलं की बारकाईनं पारखणारा. त्यातही 'मुलगा फार चिकित्सक आहे' म्हणजे पंधरा स्थळं नाकारलेला.

झिरो माईल: याहून मोठी गंमत सरकारी नोटिशीत आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली शहराची प्रारूप (म्हणजे कच्ची) विकास योजना प्रसिद्ध झाली की 'हरकती व सूचना' मागवतात. हिंदीत हरकत म्हणजे उपद्व्याप, सूचना म्हणजे माहिती! अमेरिकेतल्या लोकसहभागाच्या अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत माहिती देणं तिसऱ्या पायरीवर, मत विचारणं चौथ्या. म्हणजे एकच 'सूचना' हिंदीत वाचली की एक पायरी खाली उतरते. आणि दुसरी पायरी आहे 'थेरपी', काकूंची चिकित्सा! आर्नस्टीन तिला सहभागात धरतच नाहीत. प्रश्न तसाच ठेवून प्रश्न विचारणाऱ्यालाच बरं करायचं, असा तो प्रकार.

संत्राबर्फी: हे लागलं. मागच्या बैठकीत नालीवरून एक दादा भांडत होते. मी अर्धा तास समजावलं, ते गप्प बसले, मी इतिवृत्तात 'सहमती' लिहिलं.

झिरो माईल: 'हरकत नाही' आणि 'मान्य आहे' यांत फरक आहे. ते तर 'हरकत नाही'सुद्धा म्हणाले नव्हते.

तर्रीपोहा: 'डोळस' कसा वाटतो? डोळस सहभाग?

संत्राबर्फी: गोड आहे, पण डोळस माणूसही मान डोलावतो. मला नकाराची जागा असलेला शब्द हवा. सुचला तर लिहा, तोवर इतिवृत्त दुरुस्त करते.