पूर्ण अल्बम सलग ऐकताना: काही मते आणि एक शंका

कानसेन

मी संगीताचे शिक्षण घेतलेले नाही. तरीही अलीकडे सुटी गाणी ऐकणे थांबवून मी वेगवेगळ्या प्रकारांतले आणि काळांतले अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधले काहीही न वगळता ऐकत आहे. त्यातून काही ठाम मते तयार झाली आहेत, ती इथे मांडतो. जाणकारांनी ती मोकळेपणाने खोडून काढावीत.

सर्वांत जास्त मन रमले ते माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये (१९५९). जॅझ म्हणजे अवघड, अशी धास्ती मनात होती. परंतु ‘सो व्हॉट’मध्ये आधी पियानो आणि बेस चाचपडल्यासारखे वाजतात, मग बेस एक वाक्य म्हणतो आणि बाकीची वाद्ये त्याला फक्त दोन स्वरांत होकार देतात, तेव्हा हे संगीत आवडण्यासाठी आधी काही ठाऊक असावे लागत नाही याची खात्री पटली. दुसऱ्या रचनेत पियानोचा बाज एकदम बदललेला जाणवला. नंतर वाचले, तेव्हा समजले की तेवढ्या एकाच रचनेत बिल इव्हान्स यांच्या जागी विंटन केली वाजवत आहेत. न शिकलेल्या कानालाही एवढे उमगते, याचा मला फार आनंद झाला.

बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’मधले (१९६७) शेवटचे ‘अ डे इन द लाइफ’ अजोड आहे, पण मधल्या काही गाण्यांत कल्पकता जास्त आणि जिव्हाळा कमी वाटतो. त्यांचाच आदल्या वर्षीचा ‘रिव्हॉल्व्हर’ मला अधिक एकजीव वाटतो. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधले (१९७३) एखादेच गाणे वेगळे काढून ऐकवत नाही. मायकल जॅक्सन यांच्या ‘थ्रिलर’चे (१९८२) नेमके उलट आहे: गाणी एकाहून एक सरस, पण त्यांना बांधणारा धागा सापडत नाही आणि ‘द गर्ल इज माइन’ तर वगळावेसे वाटते. मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ने (१९८६) मला थकवले, तरी त्यातली ‘ओरायन’ ही शब्दविरहित रचना मी वारंवार ऐकतो.

दोन अल्बमांशी मात्र सूर जुळलेला नाही. रेडिओहेडच्या ‘ओके कॉम्प्युटर’बद्दल (१९९७) आदर वाटतो, ओढ वाटत नाही. ब्रायन ईनो यांचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) नीट ऐकायला बसलो की लक्ष उडते. नावाजलेला अल्बम भावला नाही तर तो तसाच पुन्हा पुन्हा ऐकत राहावे, की ऐकण्याची पद्धत बदलावी?

तबकडी

कानसेन, आपली मते खोडण्याजोगी नाहीत. फक्त ‘सलग’ ऐकण्याबद्दल एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपण ज्या अल्बमांची नावे घेतली आहेत, त्यांतले बहुतेक तबकडीसाठी रचलेले आहेत आणि तबकडीला दोन बाजू असतात. १९४८ साली आलेल्या दीर्घ तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस ते बावीस मिनिटांचे संगीत मावत असे. त्यानंतर उठून ती उलटावी लागे, आणि ही सक्तीची विश्रांती कलाकार गृहीत धरत असत. ‘डार्क साइड’ची पहिली बाजू क्लेअर टॉरी यांच्या शब्दांविना गायलेल्या आर्त स्वरांनी संपते आणि दुसरी गल्ल्याच्या खणखणाटाने सुरू होते. मध्ये उसंत न घेता ऐकले, तर तो खणखणाट आधीच्या गाण्याची शेपटी वाटतो.

गाण्यांच्या क्रमाला एक यांत्रिक कारणही असे. तबकडी एकाच गतीने, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश वेळा फिरते, पण सुई जसजशी मध्याकडे सरकते तसतशी एका फेऱ्यातली खाचेची लांबी कमी होत जाते, त्यामुळे तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत कोंबावा लागतो आणि वरच्या पट्टीतले नाद फाटू लागतात. म्हणून दणदणीत गाणी कडेला आणि शांत गाणी मध्याजवळ ठेवण्याकडे कल असे. ‘अ डे इन द लाइफ’ने हा संकेत धुडकावला आहे. वाद्यवृंदाचा तो चढत जाणारा कल्लोळ आणि त्यानंतर अनेक पियानोंवर एकदम वाजवलेला, चाळीस सेकंदांहून अधिक काळ विरत जाणारा शेवटचा नाद, हे सारे अगदी आतल्या खाचांत आहे.

‘सार्जंट पेपर’मधली जी गाणी आपल्याला कोरडी वाटली, त्यांत ‘विदिन यू विदाउट यू’ असेल तर ते पुन्हा ऐकावे. दुसऱ्या बाजूचा आरंभ म्हणून ऐकले, की त्यातली दिलरुबा, तबला आणि स्वरमंडळ ही वाद्ये पाहुणी वाटत नाहीत. ‘ओके कॉम्प्युटर’ हा सीडीच्या काळातला, सुमारे त्रेपन्न मिनिटांचा अल्बम आहे. त्यात यंत्राच्या आवाजातले ‘फिटर हॅपिअर’ सातव्या क्रमांकावर येते. तिथे थांबून उरलेला भाग दुसऱ्या बैठकीत ऐकून पाहावा.

सांजराग

आपल्या यादीत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) नाही, याची चुटपुट लागली. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार यांतून एका मेंढपाळाचा दिवस उलगडत जातो. अहिरभैरवने पहाट होते. मग पिलू, भूप आणि देस असे पुढे सरकत शेवटी आपण पहाडीपाशी येतो. रागांचे समयचक्र हाच इथे अल्बमचा कणा आहे. ‘डार्क साइड’ ज्या कारणाने आपल्याला तोडवत नाही, तेच कारण इथे एकही शब्द न उच्चारता काम करते, आणि यादी उलटसुलट वाजवली तर दिवस मोडतो. गिटारकडे मुद्दाम लक्ष द्यावे. काबरा ती आडवी ठेवून, तारेवर पट्टी सरकवत वाजवतात, त्यामुळे एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाणारी मींड गळ्यातून आल्यासारखी ऐकू येते.

आपल्या मूळ प्रश्नाबद्दल माझे मत असे आहे, की तोच अल्बम पुनःपुन्हा ऐकण्यापेक्षा एकच रचना दोन वेळा वाजवलेली ऐकावी. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी बाख यांच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे (‘आरिया’ ही सुरुवातीची छोटी रचना आणि तिची तीस रूपांतरे) १९५५ आणि १९८१ असे दोनदा ध्वनिमुद्रण केले. पहिले सुमारे अडतीस मिनिटांत धावत संपते, तर दुसरे एक्कावन्न मिनिटे घेते. स्वरलिपी तीच आणि वादकही तोच असल्यामुळे जो फरक ऐकू येतो तो निव्वळ निवडीचा असतो. ती निवड ओळखता येऊ लागली, की अल्बम न आवडण्याचे कारण त्यात आहे की आपल्यात, हे सांगता येते.

आडताल

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. सलग ऐकणे हीच खरी पद्धत, असा सूर इथे उमटतो आहे. दीर्घ तबकडी येण्यापूर्वी एका बाजूवर तीन-चार मिनिटेच मावत आणि त्या मर्यादेत अत्यंत श्रेष्ठ संगीत निर्माण झाले. त्यामुळे ‘थ्रिलर’मध्ये धागा नाही, हा मला दोष वाटत नाही. त्यातल्या नऊपैकी सात गाणी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली आणि सातही अमेरिकेतल्या पहिल्या दहांत पोहोचली, कारण प्रत्येक गाणे एकट्याने उभे राहील अशाच बेताने बांधलेले होते. ‘बिली जीन’चा आरंभ ऐका: आधी फक्त ड्रम, मग बेस, मग सिंथेसायझरचे तुटक सूर आणि जवळजवळ अर्ध्या मिनिटानंतर आवाज. एका गाण्यात एवढी तयारी असल्यावर त्याला शेजाऱ्यांचा आधार कशाला हवा? ‘द गर्ल इज माइन’ खुशाल वगळावे, मीही वगळतो.

ईनो यांच्या अल्बमबाबत मात्र पद्धतच बदलावी. त्यातल्या ‘२/१’ या भागात एकेका स्वरात म्हटलेले आवाज वेगवेगळ्या लांबीच्या फितींवर फिरत राहतात, त्यामुळे त्यांची जुळणी सतत बदलते आणि कुठे पोहोचणे हा तिचा हेतूच नसतो. हे संगीत दुर्लक्ष करता यावे आणि लक्ष दिले तरी रंजक वाटावे, असे ईनो यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. लक्ष उडते ही आपली तक्रार आहे, पण तिथे लक्ष उडायलाच हवे. वाचत किंवा काम करत असताना तो हळू आवाजात लावून ठेवा.

कानसेन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘ओके कॉम्प्युटर’ आता दोन बैठकांत ऐकेन आणि ईनो यांच्यासमोर ताठ बसणे सोडून देईन. ‘थ्रिलर’बद्दलचा मुद्दा पटला, ‘रिव्हॉल्व्हर’बद्दल मात्र मी ठाम आहे. गूल्ड यांचे कोणते मुद्रण आधी ऐकावे?

सांजराग

आधी दोन्ही मुद्रणांतली फक्त सुरुवातीची ‘आरिया’ ऐका. १९५५ मध्ये ती दोन मिनिटांच्या आत संपते, तर १९८१ मध्ये तीन मिनिटांच्या आसपास चालते. त्यानंतर १९५५ चे मुद्रण पूर्ण ऐका, कारण त्याचा वेगच नवख्या श्रोत्याला ओढून नेतो. दुसऱ्यात सर्व तीस रूपांतरांच्या गती एकमेकींशी जोडून घेतलेल्या आहेत, आणि ती जोडणी पहिले मुद्रण कानांत असल्यावरच जाणवते. दोन्हींत पियानोसोबत मंद गुणगुणणे ऐकू येईल. ते गूल्ड यांचेच आहे.