लहान झालेले कपडे: विकू, देऊ की ठेवूच?

चारपिशव्या
नमस्कार मंडळी, प्रश्न अगदी साधा आहे पण मी त्यात दोन महिने अडकून बसलेय. मुलगा आता अडीच वर्षांचा आहे आणि जन्मापासूनचे त्याचे सगळे लहान झालेले कपडे चार मोठ्या पिशव्यांत कोंबून कपाटावर टाकलेत. निम्मे तर धड वापरलेलेच नाहीत. एक लाल जॅकेट आहे, घेतलं तेव्हा मोठं होतं म्हणून जपून ठेवलं आणि काढलं तेव्हा बाह्या कोपराशी, टॅगसुद्धा कापलेला नाही. आता विकायचं म्हटलं तर फोटो काढा, मापं लिहा, लोकांच्या 'लास्ट किती'ला उत्तरं द्या. फुकट द्यायचं म्हटलं तर खरंच कोणाच्या अंगावर जातील की कुठल्यातरी कोपऱ्यात सडतील ही धास्ती. आणि दुसरं मूल हवं की नको हे आमचं अजून ठरत नाहीये त्यामुळे हात आखडतोच. नवरा म्हणतो सगळं देऊन मोकळी हो, पण पिशवी उघडली की पायमोज्याएवढं काहीतरी हातात घेऊन तोच अर्धा तास बसतो.

अजून एक, काल बघितलं तर पांढऱ्या झबल्यांच्या गळ्याशी पिवळे डाग पडलेत. ठेवताना नव्हते हो, शपथ! हे कशाने होतं?

जुनीसुई
अगं ते डाग ठेवतानाही होते, दिसत नव्हते एवढंच. बाळ दूध काढतं तिथे दुधातलं प्रोटीन आणि स्निग्धांश धाग्यात राहतात, वरवर धुतलं की स्वच्छ वाटतं आणि मग महिनोन्महिने हवा लागून तेच पिवळं पडतं. आधी गार पाण्यात भिजव, एकदम गरम पाणी ओतू नकोस नाहीतर प्रोटीन शिजल्यासारखं होऊन डाग पक्का बसतो. ते झालं की सोडियम परकार्बोनेटची पावडर मिळते, तिच्यातून पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, ती चाळीसेक अंशाच्या कोमट पाण्यात घालून रात्रभर बुडवून ठेव. लोकर आणि रेशीम यात अजिबात घालायचं नाही. मग ओलं असतानाच कडक उन्हात टाक. माझ्या अनुभवात दहातले सात-आठ निघतात, उरलेल्यांची फडकी कर, त्यांच्यासारखं काच पुसायला दुसरं काही नाही.

आणि महत्त्वाचं म्हणजे पिशव्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या आहेस का? टाकल्या असशील तर ते कपडे तसेच कोणाच्या तान्ह्या बाळाला देऊ नकोस. काही बाळांमध्ये जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, मुलग्यांत जास्त आढळतं, आणि अशा बाळाला गोळ्यांतल्या नॅफ्थलिनचा संपर्क आला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ भयंकर वाढते. घरच्यांना बऱ्याचदा कल्पनाही नसते की आपल्या बाळाला हे आहे. वास अडकलेला कपडा नुसता एकदा धुऊन भागत नाही. मी तर तो तान्ह्यांना देतच नाही, कितीही गोड असो.

दोनपोरांचाबाप
मी दोन्ही पोरांचे कपडे विकलेत त्यामुळे सांगतो. सगळं विकायला गेलात तर वैतागाल. साधं गणित आहे, बाळ जन्मतं साधारण ५० सेंटीमीटरचं आणि वर्षाचं होईपर्यंत ७५ च्या आसपास जातं, दुसऱ्या वर्षी बारा-एक सेंटीमीटर आणि त्यानंतर वर्षाला सहा-सातच. म्हणजे पहिल्या वर्षातला कपडा दोन-तीन महिन्यांत बाद होतो, तो प्रत्येकाच्याच घरी नव्यासारखा पडलेला असतो, मग सुटं झबलं कोण विकत घेणार? ते वयाप्रमाणे गठ्ठ्यातच द्यायचे, "३ ते ६ महिने, चौदा नग" असे. सुटे फक्त जाड जॅकेट, समारंभाचे कपडे आणि न घातलेल्या गोष्टी. तुमचं लाल जॅकेट नक्की जाईल पण थंडी सुरू व्हायच्या जरा आधी टाका, थंडी संपताना कोणी ढुंकून बघत नाही.

टॅगवरच्या वयावर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचं "२ वर्षं" वेगळं असतं. कपडा सपाट अंथरायचा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावायची, मग खांद्यापासून खालपर्यंत, हे दोन आकडे लिहिले की निम्मे प्रश्न बंद. फोटो खिडकीजवळ दिवसा उजेडी, आणि डाग, उसवण, गोळे आलेले असतील तर त्याचा वेगळा जवळून फोटो. लपवलं तर माणूस दारातून परत जातो आणि वर चार शब्द ऐकवतो, माझ्या बाबतीत झालंय, चेन अडकत होती आणि मी 'उत्तम स्थिती' लिहून बसलो होतो. पोराने कपडा घातलेला फोटो मात्र टाकू नका, अनोळखी लोकांना त्याचा चेहरा कशाला? कॉलरच्या आत नावाची पट्टी शिवलेली असेल तर तीही काढा.

उंटावरचा
स्वतःच्या मुलाचे वापरलेले कपडे विकून असे कितीसे पैसे मिळतात? देऊन टाकावेत सरळ. थोडं मन मोठं ठेवा.

दोनपोरांचाबाप
@उंटावरचा, पैसे थोडेच मिळतात हे मलाही मान्य आहे. पण ज्याने पैसे मोजलेत तो कपडा वापरतो हे मी बघितलंय. फुकट दिलेलं पोतं तसंच पडून राहिलेलंही बघितलंय. मनाच्या मापाचा काय संबंध यात.

ताईगिरी
दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. मी देण्याच्या बाजूची आहे पण आधी फोन करून विचारल्याशिवाय देऊ नये असं माझं ठाम मत झालंय. मी एकदा तीन पिशव्या घेऊन एका संस्थेच्या दारात उभी राहिले, तिथल्या बाई हसून म्हणाल्या, ताई, बाळांचे कपडे आमच्याकडे खोलीभर आहेत, आठ ते बारा वर्षांच्या मुलांचे आहेत का? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तान्ह्यांचे कपडे फाटायच्या आत लहान होतात म्हणून सगळीकडून तेच येतात, आणि मोठी पोरं वर्षभर तीच पँट घालून गुडघे फाडून टाकतात, मग द्यायला काही उरतच नाही. त्यामुळे मागणी नेमकी तिथे असते जिथे देणारे नसतात. आतले कपडे तर बहुतेक ठिकाणी नवेच मागतात, तेही बरोबरच आहे.

न विचारता पाठवलं की काय होतं ते २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दिसलंच, जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते कारण लोकांनी घरातलं नको ते ट्रकात भरून पाठवलं, आणि मदतीला आलेल्यांच्या नशिबी तेच उचलायचं काम. म्हणून माझी पद्धत म्हणजे एकच ओळखीचं, खरंखुरं, पोटात किंवा पाळण्यात असलेलं बाळ शोधायचं. ऑफिसात, नात्यात, मैत्रिणीची मैत्रीण, कोणीतरी असतंच. तिला आधी विचारायचं, नाही म्हणायला जागा ठेवून विचारायचं हां, कारण काहींना जुनं नको असतं आणि तोंडावर सांगता येत नाही.

द्यायच्या आधी प्रत्येक टिचबटण लावून-काढून बघ, सैल बटण बाळ तोंडात घालतं. इलॅस्टिक ताणून बघ, ताणल्यावर परत आलं नाही तर तो कपडा बाद. टोपीच्या जॅकेटला गळ्याशी नाडी असेल तर सरळ ओढून काढ. घसरगुंडीच्या फटीत ती अडकून मुलांचे जीव गेलेत, अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्येच त्याबद्दल सूचना काढल्या होत्या. नवीन कपड्यांत ती कमी दिसते पण जुन्या पिशव्यांत हमखास सापडते.

जुनीसुई
@चारपिशव्या, दुसऱ्या मुलाचं ठरलं नाही म्हणून चारही पिशव्या अडवून ठेवायची गरज नाही गं. एक खोका ठेव, झाकण बसेल एवढंच त्यात. मी धाकटीसाठी तीन वर्षं सगळं जपलं आणि ती जन्मली उलट्या मोसमात, लोकरीचे ज्या मापाचे होते त्या मापाला ती आली तेव्हा घामाने भिजत होती. वर निम्म्यांची इलॅस्टिकं गेलेली.

चारपिशव्या
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री बसलो दोघं. गोळ्या निघाल्याच एका पिशवीत, माझ्या लक्षातही नव्हतं, ती पिशवी सध्या गॅलरीत आहे. ऑफिसातल्या एकीला पुढच्या महिन्याची तारीख आहे, तिला घाबरत घाबरत विचारलं तर म्हणाली आज आणलेस तरी चालतील, तिला दीड पिशवी गेली. खोका नवऱ्याने भरला, झाकण बसत नाहीये, मी काही बोलले नाही. झबली भिजत टाकलीत, आज सकाळी गळ्याचा पिवळा बराच फिका दिसतोय. लाल जॅकेटच्या टोपीला नाडी होती, काढली, मापं घेतली, खिडकीत ठेवून फोटो टाकला. पाच मिनिटांत पहिला मेसेज आला, "लास्ट किती?"