दुष्परिणाम म्हणावे की आनुषंगिक परिणाम?

नौपाडाकर : वडिलांना क्षयावरचे औषध सुरू झाले, तेव्हा सोबतच्या मराठी माहितीपत्रकात ‘दुष्परिणाम’ या मथळ्याखाली पहिलीच ओळ होती, ‘लघवी केशरी होणे’. त्या गोळ्यांतल्या रिफॅम्पिसिन या औषधाचा रंगच तसा असल्यामुळे हे घडते आणि त्यात अपाय काहीच नाही. पण ‘दुष्’ वाचून वडिलांनी आम्हाला न सांगता दोन दिवस गोळ्या बंद ठेवल्या. मूळ हेतूसोबत जे घडते त्याला ‘आनुषंगिक परिणाम’ म्हणावे, असे माझे मत आहे.

वाशीची औषधविक्रेती : मला हे पटत नाही. दुकानात गिऱ्हाईक ‘याचा साइड इफेक्ट काय?’ असे विचारते. ‘आनुषंगिक’ हा शब्द मी आजवर एकाही तोंडून ऐकलेला नाही. शिवाय हेच रिफॅम्पिसिन काही रुग्णांच्या यकृतालाही बाधते. डोळे पिवळे पडू लागलेल्या माणसाला हा ‘आनुषंगिक’ परिणाम आहे असे सांगायचे का?

नौपाडाकर : म्हणूनच दोन शब्द हवेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि पुढे तेच टकलावर लावण्यासाठी विकले जाऊ लागले. त्या केसांना दुष्परिणाम कसे म्हणणार? जे अपाय करते तेवढेच दुष्परिणाम, बाकीचे आनुषंगिक.

कळव्याचा मास्तर : विभागणी तर्काला धरून आहे, शब्द मात्र कचेरीत झिजलेला आहे. ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने’ आणि ‘आनुषंगिक खर्च’ वाचून वाचून त्याचा अर्थ ‘किरकोळ’ असाच मनात बसला आहे. (निम्मे लोक तो ‘अनुषंगिक’ असा लिहितात, ते वेगळेच.) ‘साइड इफेक्ट’ला आपण कधीच विभक्ती लावून घरात घेतले आहे, ‘साइड इफेक्टमुळे झोप येते’ हे माझ्या आईलाही कळते, आणि त्यात चांगले-वाईट आधीच ठरवलेले नसते.

नौपाडाकर : नसते कसे? ‘आमच्या काढ्याला साइड इफेक्ट नाही’ ही जाहिरात चालते, ती त्या शब्दाला लोक अपाय समजतात म्हणूनच.

वाशीची औषधविक्रेती : हे मात्र खरे. मी आता पाकिटावर हातानेच लिहून देते, ‘लघवी केशरी झाली तर घाबरू नये, गोळी चालू ठेवावी; डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.’ यात तुमचा शब्दही नाही आणि माझाही नाही.

नौपाडाकर : पाकिटावर चालेल, पण छापील पत्रकात त्या दोन ओळी एकाच मथळ्याखाली येणार असतील, तर तो मथळा कोणता?