विमान उतरताना भुवईत खिळा ठोकल्यासारखं दुखतं, काय करू?

उपराजधानीकर:
मंडळी, गेल्या महिन्यात नागपूरहून पुण्याला गेलो. सर्दी होती, पण नाक वाहायचं थांबलं होतं. म्हटलं, सव्वा तासाचा तर प्रश्न आहे. चढताना काही नाही, वर तर मस्त डुलकी लागली. विमान खाली यायला लागलं आणि डाव्या भुवईच्या आतल्या कोपऱ्यात कोणीतरी खिळा ठोकतंय असं वाटायला लागलं. कान ठीक होते. जांभया दिल्या, नाक दाबून फुंकून पाहिलं, ढिम्म फरक नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारच्या आजींना वाटलं मी रडतोय. त्यांनी पिशवीतून खडीसाखर काढून दिली आणि "होतं बाळा असं" म्हणाल्या. मी ४७ वर्षांचा!

लोहगावला बॅगेची वाट बघताना नाक शिंकरलं, तर रुमालावर रक्ताची तार. कळ थांबली, पण भुवई दोन दिवस हात लावू देत नव्हती. आता बायकोने दिल्लीमार्गे लेहचं बुकिंग केलंय. म्हणजे जाऊन-येऊन चार उड्डाणं, आणि सर्दी माझ्या पाचवीला पुजलेली. कोणाला अनुभव?

सुलभामावशी:
ओव्याची पुरचुंडी करून तव्यावर गरम करायची आणि आदल्या रात्री भुवईवर शेकायची. वाफही घे. पण अंगात ताप असेल तर जाऊच नकोस बाबा, लेह कुठे पळून जात नाही.

कानाकोपरा:
मी कान-नाक-घसा विभागात नर्स आहे. मावशींचा शेक बरा वाटायला चांगलाच, पण विमानातली गंमत वेगळी. वर असताना केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. ८ हजारला तो समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशच भरतो. चढताना सायनसमधली, म्हणजे कपाळ-गालांच्या हाडांतल्या पोकळ्यांमधली, जास्तीची हवा ढकलत बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, तेव्हा तेवढी हवा परत आत यायला हवी. वाट सुजलेली असेल तर ती येत नाही, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो आणि अस्तर ओढलं जाऊन रक्त येतं. वर पाण्याची बाटली संपवून झाकण घट्ट लावा आणि उतरल्यावर बघा, कशी चेपलेली असते ते. तुमच्या भुवईमागे तेच झालं. बाटली चेपते, हाड चेपत नाही, म्हणून कळ.

ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचा नाकातला स्प्रे असतो, तो विमान खाली यायला लागण्याआधी अर्धा तास मारायचा. लोक इथेच चुकतात. वैमानिकाची घोषणा ऐकून मारला तर उशीर झालेला असतो. सव्वा तासाच्या प्रवासात तो चढल्या चढल्याच मारावा लागतो, आणि उतरताना झोपायचं नाही. सलग तीन-चार दिवसांवर वापरू नका, नाक उलट जास्त चोंदतं. बीपी आहे का? असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि नाक दाबून जोरात फुंकणं बंद करा. ते कानाचं औषध आहे, तेही हळू करायचं.

बॅगपॅकवाला:
लेहचं गणित उलटं आहे बरं का. तिथला विमानतळच १०,६८२ फुटांवर, म्हणजे केबिनच्या त्या ६ ते ८ हजार फुटांपेक्षाही उंच. त्यामुळे लेहला उतरताना दाब वाढत नाही, कमी होतो. दिल्लीत घेतलेलं वेफर्सचं पाकीट तिथे फुगून टम्म होतं. तुमची परीक्षा परतीला. लेहहून उडाल्यावर केबिनचा दाब वाढायला लागतो आणि पुढे दिल्लीला उतरताना आणखी वाढतो. मला एकदा उडाल्यावर दहाव्या मिनिटाला कळ आली, तोवर स्प्रे वरच्या कप्प्यात बॅगेत. खिशात ठेवा. दहा मिलीची बाटली असते, सुरक्षा तपासणीत कोणी अडवत नाही.

उपराजधानीकर:
परवा परत आलो. बीपीची गोळी चालू आहे, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवलं. नाकाचं हाड डावीकडे वाकलेलं निघालं! ४७ वर्षं नाकासमोर चाललो आणि नाकच वाकडं. एवढ्यापुरता स्प्रे चालेल म्हणाले. नागपूर-दिल्ली उतरताना भुवई थोडी जड झाली, तेवढंच. लेहला काहीच नाही, उलट हॉटेलात जिना चढताना धाप लागली. परतीला रांगेत उभं असतानाच स्प्रे मारला. बायको म्हणाली, "लोक बघतायत." बघू देत. दिल्लीत उतरताना भुवईत एक बारीक चिमटा आला आणि गेला. समोरच्या जाळीत ठेवलेली रिकामी बाटली मात्र बायकोच्या देखत कडकड करत आत गेली. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि गुपचूप खडीसाखर पुढे केली.