मदत हवी आहे: जुन्या हापूसवर दोराने चढायला प्रूसिक चालेल की दुसरी गाठ?

खालची_आळी:
नमस्कार मंडळी. घरची हापूसची झाडं जुनी आहेत, चाळीसेक फूट गेलेली. बांडगूळ इतकं माजलंय की यंदा काढायलाच हवं. चढणारे गडी मिळत नाहीत. मिळाले तरी पाय ठरेल तिथवरच जातात, आणि बांडगूळ नेमकं शेंड्याकडे. मी सह्याद्रीत थोडंफार प्रस्तरारोहण केलंय, त्यामुळे हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), ११ मिमीचा स्टॅटिक म्हणजे फारसा न ताणणारा दोर आणि ६ मिमीच्या प्रूसिकच्या दोऱ्या घरात आहेत. प्रूसिक म्हणजे दोराभोवती गुंडाळायची गाठ, मोकळी असली की सरकते, वजन पडलं की आवळून धरते. दोर बेचक्यातून टाकून एक टोक बुंध्याला बांधलं आणि दुसऱ्यावर चढून पाहिलं. प्रूसिक धरते झकास, पण वजन पडलं की सुटता सुटत नाही. ब्लेक, डिस्टेल, व्हीटी ही अशाच इतर गाठींची नावं वाचली. कोणती घेऊ?

दोरवेडा:
गाठ नंतर, आधी दोर कसा लावायचा ते ठरवा. एकेरी दोरावर तुमचं सगळं वजन गाठीवर येतं, म्हणून ती आवळते. दुहेरी लावलात, म्हणजे एक टोक हार्नेसला, दोर बेचक्यावरून खाली आणि त्या दुसऱ्या पदरावर गाठ, तर गाठीवर साधारण निम्मंच येतं. शिवाय बुंध्याला बांधलेल्या एकेरी दोरात वरच्या बेचक्यावर तुमच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट ताण पडतो. जुन्या आंब्यात ढोली कुठे असेल सांगता येत नाही, त्यामुळे मी तरी दुहेरीच लावीन. एकेरीच हवा असेल तर गाठीच्या वर रोप रेंचसारखं साधन लागतं, ते थोडा भार स्वतःवर घेतं.

दुहेरीवर सुरुवातीला ब्लेक घ्या. वेगळी दोरी लागत नाही, हार्नेसला बांधलेल्या टोकाची शेपटी लांब ठेवून तिचीच बांधता येते. चार वेढे, टोक खालच्या दोन वेढ्यांखालून बाहेर, आणि शेवटी आठाची गाठ. ती विसरायची नाही. दोष एकच: भरकन उतरलात तर घर्षणाने वरचा थर वितळून चकचकीत आणि कडक होतो. मग तेवढा तुकडा कापून टाकायचा.

डिस्टेल आणि व्हीटी हाताला जास्त मऊ लागतात, पण त्यांना दोन्ही टोकांना डोळे (पक्के फास) असलेली, उष्णता सोसणारी ८ मिमीची वेगळी दोरी हवी. वेढे किती, हे तुमचं वजन, दोर आणि हवेतला ओलावा ठरवतो. जमिनीपासून दोन फुटांवर लटकून बघा, वर जाऊन नव्हे.

६ मिमीची दोरी मात्र ठेवून द्या. तिची ताकद जेमतेम ७ किलोन्यूटन (साधारण ७०० किलोच्या भाराला तुटते). झाडावरच्या कामाच्या दोराला अमेरिकेत २४ किलोन्यूटन मागतात.

वरचा_वाडा:
आणि कोयता घेऊन चढू नका हो! ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी खेळ संपला. घडीची करवत घ्या. कापताना दुसरा छोटा दोर फांदीभोवती घालून हार्नेसला अडकवलेला हवाच, म्हणजे एक कापला गेला तरी दुसरा आहे.

खालची_आळी:
धन्यवाद दादा. दुहेरी लावून ब्लेक खालीच बांधून पाहिली, सुटते छान. पण आंब्याची साल इतकी खरखरीत की वर जाताना जीव काढते. बेचक्यात काही घालता येतं का?

दोरवेडा:
येतं की. दोन्ही टोकांना कडी असलेला पट्टा बेचक्यात अडकवून दोर कड्यांतून ओवायचा. सालही सोलत नाही. फक्त फांदीवरचं घर्षण गेलं की गाठीवर भार वाढतो. आज धरलेली ब्लेक तिथे थोडी सरकू शकते, तेव्हा पट्टा आधी खालच्या फांदीला लावून पुन्हा लटकून बघा.